दुसऱ्याच्या हातचं पाणी

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या प्रार्थनाघरात भैयालालइतका नम्र माणूस दुसरा नाही, असं सगळे म्हणत. साठी उलटली तरी रविवारी सर्वांच्या आधी येऊन तो झाडू मारी, सतरंज्या अंथरी, पाणी भरी. कोणी मदतीला आलं तर हसून त्याला बाजूला करी. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी गोंदियाचे पाळक येत आणि येशूने शिष्यांचे पाय धुतले तो भाग वाचत. मग भैयालाल खाली बसून मंडळीतल्या लोकांचे पाय धुई. स्वतःचे मात्र त्याने कधी कोणाला धुऊ दिले नाहीत. लोक त्यालाही नम्रताच समजत. तोही तसंच समजे.

त्याच्या शेजारी श्यामलाल राहायचा. राइस मिलमध्ये हमाल होता. ख्रिस्ती विश्वासात आल्यावर त्याने दारू सोडली होती, पण मागच्या वर्षी एका रविवारी तो पिऊन सभेला आला. भैयालालने त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. आवाज चढवला नाही. तुझ्यासाठी मी रोज अश्रू गाळतो, तुझ्यामुळे प्रभूचं नाव खराब होतं, असं तो शांतपणे बराच वेळ बोलत राहिला. लोकांचे डोळे पाणावले. तेव्हापासून श्यामलाल दाराशी बसू लागला. भैयालालशी त्याचं बोलणं बंद झालं.

यंदा एप्रिलमध्ये प्रार्थनाघराच्या छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, फेरायची होती. तरुण पोरं तयार होती, तरी भैयालाल स्वतःच शिडी लावून चढला. शिडी सरकली. मांडीचं हाड मोडलं. गोंदियाच्या दवाखान्यात सळई घालून त्याला घरी आणलं आणि पाय टेकवायचा नाही, अशी ताकीद मिळाली.

मंडळीतल्या बायका डबे आणू लागल्या. भैयालाल ते परत पाठवी. बायको जमुनाबाईशिवाय कोणाचा हात तो अंगाला लागू देत नसे. जमुनाबाईच्या कमरेत आधीच उसण भरलेली. एकदा तिने श्यामलालला बोलावू का म्हणून विचारलं. त्याच्याकडून करून घेण्यापेक्षा मी असाच पडून राहीन, असं भैयालाल म्हणाला.

एका दुपारी जमुनाबाई भांडी घासत असताना तो एकटाच वॉकर धरून मोरीकडे निघाला आणि उंबऱ्याशी कोसळला. धोतरातच लघवी झाली. जमुनाबाईने उठवायचा प्रयत्न केला, पण तिला ते झेपेना. ती शेजारी गेली.

श्यामलाल नुकताच मिलमधून आला होता. अंगावर अजून कोंडा होता. त्याने भैयालालला बगलेत हात घालून उचललं, खाटेवर बसवलं, जमुनाबाईकडून बादली मागितली. ओलं धोतर सोडवलं, अंग पुसलं. मग चांगला पाय बादलीत घेतला.

"राहू दे," भैयालाल म्हणाला.

"पाय भरला हाय."

भैयालालने मग पाय ओढून घेतला नाही.

"तुले मी सगळ्यायसमोर उभा केलो होतो."

"केले होते."

"मंग काऊन आला?"

"वयनीनं बलावलं."

श्यामलाल पाय चोळत होता. भैयालाल म्हणाला,

"त्या दिवशी मी तुयासाठी नव्हतो बोलून राहिलो. सगळे माह्याकडं पाहून राहिले होते, मले त्याचंच बरं वाटे. माफ कर मले."

श्यामलालने पाय पुसून खाटेवर ठेवला, मग म्हणाला, "मले लय दिवस राग होता. आता पाहतो, जाते का."

दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला. डॉक्टरांनी चालायची परवानगी देईपर्यंत येत राहिला.

पावसाळ्यात भैयालाल काठी घेऊन प्रार्थनाघरात गेला. साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगायला, उभा राहिला. श्यामलालला सगळ्यांसमोर उभं करून आपण त्याचा अपमान केला होता आणि त्यात देवापेक्षा स्वतःचं नाव जास्त पाहिलं होतं, एवढंच त्याने सांगितलं. लोकांना हे अवघड वाटलं. मंडळीतल्या शकुंतलाबाईने तर नंतर जमुनाबाईला विचारलं, भैयालालभाऊची तब्येत बरी आहे ना?

श्यामलाल त्या दिवशीही दाराशीच बसला होता. पुढे यायला कोणी सांगितलं नाही. भैयालालच त्याच्या शेजारी जाऊन बसला. एका मुलीने पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा तो सवयीने, आधी बाकीच्यांना दे, असं सांगणार होता. तेवढ्यात थांबला, पेला घेतला आणि पाणी प्यायला.