पारड्यात पडलेले पाणी

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. कुणी कितीही गोड बोलले तरी वस्तू पारड्यात पडेपर्यंत माझा विश्वास बसत नाही. माझी घडणच तशी. ज्या लोहाराने माझी दांडी ठोकली, त्याने एका पारड्यात गव्हाचे चार दाणे टाकून पाहिले. काटा हलला, तेव्हाच त्याने मला विकायला काढले.

मला एका खाटकाने नेले. त्याच्या दुकानात डुकराचे मांस मिळे, गडद लाल आणि चरबीचे. गिऱ्हाइके ठरलेली: हमाल, गवंडी, भट्टीवरचे कामगार. ती माझ्या काट्याकडे पाहत आणि समाधानाने पिशवी पुढे करत. बाकीचे लोक नाकाला रुमाल लावून जात. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणत, "असलं जड मांस पाहुण्यांना वाढायची लाज वाटेल बाई मला." खाटकाची बायको मात्र रोज सकाळी मला राखेने घासून लखलखीत करायची. चांगले दिवस होते ते.

मग गल्लीच्या तोंडाशी भलेमोठे पोस्टर लागले. त्यावर हेच मांस होते, पण फिकट गुलाबी. शेजारी एक सडपातळ तरुणी उडी मारत होती. खाली लिहिले होते, 'हलकं खा, ताजंतवानं राहा!' रेडिओवर त्याचे गाणेही लागू लागले. महिनाभरात नर्सबाई दुकानाच्या पायरीवर हजर!

"पोस्टरवालं आहे का?"

खाटकाने सकाळीच कापलेला तुकडा दाखवला.

"इतकं लाल? शिळं तर नाही ना?"

खाटकाचा चेहरा पडला. आठवडाभरात त्या पोस्टरवाल्या कंपनीची मांसाची पाकिटे दुकानात आली. वजन त्यांच्यावर छापलेलेच होते, म्हणून मी रिकामा लटकू लागलो. पण खाटकाची बायको माझ्याइतकीच संशयी. एका दुपारी तिने किलोचे पाकीट फोडले, मांस चाळणीत निथळत ठेवले आणि खाली साचलेले पाणी वाटीत घेतले. मग मांस माझ्या पारड्यात टाकले. किलोच्या वजनापुढे ते पारडे वरच राहिले. तिने वाटीतले पाणी त्यात ओतले, तेव्हा कुठे काटा सरळ झाला.

"अहो, लोक पाणी विकत घेतायत!"

"हळू बोल. लाल मांस कोण घेतंय आता? त्यांना हवंय तेच देतोय मी."

तिने ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंसमोर तिने सगळे पुन्हा करून दाखवले. नर्सबाईंनी वाटीत डोकावून पाहिले आणि त्या हसल्या. "पाणी कसलं, वहिनी? रस आहे तो! रेडिओवर सांगतात की."

खाटकाच्या बायकोने, म्हणजे या वहिनींनी, वाटी मोरीत ओतली. मित्रांनो, काटा समोर दिसत होता, पण बाईंच्या कानांनी आधीच निकाल दिला होता. त्याच संध्याकाळी खाटकाने मला उतरवून मागच्या खोलीत पोत्यांखाली टाकले. तिथे माझ्या साखळ्या गंजल्या.

दोन वर्षांनी कंपनीचा माणूस स्वतःच मला शोधत आला. लोकांना फिकट मांसाचा कंटाळा आला होता, म्हणून आता नवी जाहिरात निघणार होती: 'तीच जुनी लाल चव, तेच चोख वजन!' मला पॉलिश केले. फोटोवाल्याने माझ्या एका पारड्यात लालभडक तुकडा ठेवला, दुसऱ्यात फुलांचा गुच्छ. मांसाचे पारडे धाडकन खाली गेले.

"असं वाकडं नको," तो म्हणाला आणि त्याने बारीक दोऱ्याने माझी दांडी आडवी बांधली.

"ते मांस तरी खरं आहे का हो?" वहिनींनी विचारले.

"हात लावू नका, रंग ओला आहे."

आज शहरभर भिंतींवर माझे चित्र आहे. नर्सबाई त्याकडे बोट दाखवून लाल मांस मागतात. फोटो झाल्यावर वहिनींनी दोरा कापून मला पुन्हा खिळ्यावर टांगले. आता त्या प्रत्येक पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडून, निथळून मोजतात. खाटीक कुरकुरतो, पण त्यांना अडवत नाही.

मित्रांनो, घरात, दुकानात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला गंजू देऊ नका. आणि भिंतीवरच्या चित्रात मी दिसलो, तर माझ्यावरही विश्वास ठेवू नका. त्या दिवशी मी काहीच मोजत नव्हतो.