फ्रीजमधली बाटली

आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब राहतात नाशकात, गंगापूर रोडला, आणि गावाची काळजी तिथूनच करतात. पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्याला विहीर एकच. तिचं पाणी पिऊन तानुबाईंची थोरली नात जुलाबांनी दवाखान्यात गेली. धाकटी घरात होती, तिला तेच पाणी, पण उकळून; सगळा पाडाच उकळून पिऊ लागला. टँकर हवा तर पाणी खराब असल्याचा दाखला लागेल, असं भाऊसाहेबांनी मला ऐकवलं. मी अंगणवाडी सेविका. मला ऐकवायला सगळ्यांनाच आवडतं.

तपासणी सोपी आहे. छोट्या बाटलीत कागदाची पट्टी असते. पाणी भरायचं, दोन दिवस उबेत ठेवायचं; जंतू असले की ते उबेत वाढतात आणि पाणी काळं पडतं. बाटलीवर हे मराठीत छापलंय. भाऊसाहेबांनी बाटली विहिरीवर भरून घरी नेली आणि दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवली, श्रीखंडाच्या डब्याशेजारी. वर अभिमानाने सांगितलं, की मेहुण्याचं पिंपळगावला द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे, माल थंडीतच टिकतो हे त्यांना कुणी शिकवू नये. पाणी अर्थातच काळं पडलं नाही. 'पाणी पिण्यास योग्य', सही, शिक्का. शिकलेल्या माणसाची एवढी अक्कल पाहून माझा संताप झाला.

त्या कागदावर विसंबून पाड्याने पाणी उकळणं सोडलं. चार दिवसांत धाकटीनेही अंथरूण धरलं.

मी तालुक्याहून दुसरी बाटली आणली. ऊब कुठून आणायची विचारलं, तर तानुबाईंनी ती लुगड्याच्या ओच्यात, पोटाशी बांधली. दोन दिवस झोपतानाही सोडली नाही. बाटली डांबरासारखी काळी झाली.

आम्ही दोघी ती घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. भाऊसाहेबांनी लांबूनच पाहिलं.

"बाईच्या अंगाची ऊब लागलेला नमुना," ते म्हणाले. "हा ग्राह्य कोण धरणार?"

तानुबाई त्यांच्यासमोर कधी बोललेल्या नव्हत्या.

"भाऊसाहेब, माझ्या नातींची पोटं काय फ्रिजात हायेत का?"

भाऊसाहेबांनी कागद पुढे ओढला आणि टँकरचं पत्र लिहायला घेतलं. तानुबाईंनी बाटली टेबलावर ठेवली, तशी भाऊसाहेबांनी खुर्ची मागे सरकवली आणि शिपायाला ती बाहेर न्यायला सांगितलं, झाकण घट्ट आहे ना ते बघून. आठवड्यापूर्वी हेच पाणी त्यांनी पाड्यातल्या पोरांना पिण्यास योग्य ठरवलं होतं.