शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक

माझ्या घरासमोरचा रस्ता सरळ, रुंद आणि दुपारी रिकामा. त्यामुळे झाडून सगळे गाडी शिकणारे तिथेच येऊन धडपडतात. चाळीस वर्षं मी स्वतः ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. आता व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतो आणि फुकट शिकवतो. "अहो, क्लच! क्लच म्हणजे काय पायपुसणं वाटलं का?" असं मी ओरडलो की गाडी आचके देऊन बंद पडते आणि आतला शिकाऊ माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघतो. पण सुधारतो. पास झाला की मुद्दाम इकडून गाडी नेतो आणि हॉर्न वाजवून हात करतो. त्या दिवशी मला दोन घास जास्त जातात.

मुलीचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. तिथून ओरडलो तर ऐकणार कोण? कबुतरं?

अकराव्या मजल्याचा विषय निघाला तो बाथरूममुळे. ओल्या फरशीवर पाय सटकला आणि मी बसलो तो बसलोच. मोडलं-बिडलं काही नाही, पण उठता येईना. धरायला काही नाही, फोन बाहेर टीव्हीपाशी, दाराला आतून कडी. अडीच तास! शेवटी बादली पालथी घालून, तिच्यावर कोपर रेटून कसाबसा उभा राहिलो आणि ठरवलं, ही गोष्ट माझ्यात आणि बादलीत राहील.

राहिलीही असती. पण रविवारी मुलगी आली आणि तिला माझ्या दंडावरचा हा एवढा काळानिळा डाग दिसला.

"कपाटाचं दार लागलं," मी म्हणालो.

ती उठली. सरळ बाथरूममध्ये गेली, तडा गेलेली बादली घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, सामान बांधा."

"सामान बांधा काय? मी काय पाहुणा आहे इथे?"

मग आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझ्या नाकावर राग असतो हे जगजाहीर आहे, आणि पोरीने दुसरं काही नाही तरी ते नाक माझ्याकडून अगदी जसंच्या तसं घेतलंय. तासाभराने दोघांचेही घसे बसले तेव्हा तह झाला. दोन महिने मुदत. ती पाठवेल त्या फिजिओथेरपिस्ट बाईंचं सगळं ऐकायचं. दोन महिन्यांनी मुलगी स्वतः परीक्षा घेणार. जमिनीवर झोपायचं, कोणाचाही हात न धरता उठायचं आणि फोन करून दाखवायचा. नापास झालो तर घराला कुलूप.

"आणि पास झालो तर?"

"तर बसा इथेच आणि ओरडा जन्मभर."

मंगळवारी त्या बाई आल्या. दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, फर्स्टगियर!"

वीस वर्षांपूर्वी ही माझ्याकडे शिकायला होती. दुसरा गियर टाकायला तयारच नव्हती. अख्ख्या गावातून गाडी घुंऽऽ करत पहिल्या गियरमध्ये. मी इतका ओरडलो की एक दिवस भर चौकात गाडी सोडून, दार सताड उघडं टाकून रडत घरी गेली होती. आणि आता तीच माझ्या दारात, हातात बॅग, गळ्यात ओळखपत्र.

"गियर बदलायला लागलीस का?" मी विचारलं.

"केव्हाच, सर. आता तुमची पाळी."

तिने सगळं घर पायाखाली घातलं. दिवाणखान्यातला सरकणारा गालिचा गुंडाळायला लावला. माझ्या झिजलेल्या सपाता दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर टाकावा तशा कचऱ्यात टाकल्या. कपाटाजवळच्या लाकडी स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "याच्यावर चढायचं नाही, सर. वरची वस्तू एक तर खाली आणायची, नाही तर विसरायची." मी हो हो म्हटलं. मग ती बाथरूममध्ये गेली आणि म्हणाली, "इथे भिंतीला दोन दांड्या बसवायच्या. धरायला."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. "दांड्या? मी काय माकड आहे लोंबकळायला?"

ती हसली नाही. "सर, शिकवायच्या गाडीत तुमच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक होता ना?"

"होता. असतोच. शिकवणाऱ्याच्या बाजूचा."

"रोज दाबायचात?"

"छे! महिन्यातून एखाद वेळा."

"मग त्या एखाद वेळेसाठी चाळीस वर्षं बसवून का ठेवलात?"

चाळीस वर्षांत मला असं कुणी गप्प केलं नव्हतं, आणि केलं कुणी, तर फर्स्टगियरने! दुसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन भिंतीत दांड्या पक्क्या बसवून गेला. सांगायला लाज वाटते, पण फार बरं वाटतं हो त्या धरून. अंघोळ करताना मी पुन्हा गाणं म्हणायला लागलो.

मग सुरू झाला पडून उठायचा सराव. जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर मी, आणि डोक्याशी फर्स्टगियर.

"घाई नाही, सर. आधी पडून राहा. कुठे दुखतंय का बघा. आता कुशीवर वळा. आता गुडघे आणि हात. रांगत खुर्चीपर्यंत जा. दोन्ही हात बैठकीवर. बळकट पाय पुढे. अहो, पुढे म्हटलं, बाजूला नाही! पुढे म्हणजे काय ते पण शिकवू का?"

बोलण्याची ढब ओळखीची वाटली. माझीच होती.

पहिल्या आठवड्यात समोरच्या वहिनींनी खिडकीतून मला चार पायांवर पाहिलं आणि अशी बोंब ठोकली की सगळी गल्ली गोळा झाली. दार आतून बंद, म्हणून कुणी तरी ते तोडायच्या बेतात होतं. त्या दिवसापासून घराची एक किल्ली वहिनींकडे असते, आणि मी रांगताना दिसलो की त्या नुसतं विचारतात, "सराव की खरंच?" मी "सराव!" म्हटलं की त्या भाजी निवडायला मोकळ्या.

सहाव्या आठवड्यात मी एकटा उठलो. आठव्यात चार मिनिटांच्या आत. फोन आता गळ्यातल्या पिशवीत असायचा. मी भलताच खूश होतो, आणि खुशीतच माती खाल्ली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मला वाटलं, पोरीची जरा गंमत करावी. शिकाऊ गाडीला लावायची ती लाल 'एल'ची जुनी पाटी छातीवर अडकवून परीक्षेला बसावं. पाटी कपाटावर. मी स्टुलावर चढलो. पाटी हाताला लागली, स्टूल डुगडुगलं, आणि मी, पाटी आणि स्टूल तिघेही खाली आलो.

पडून राहिलो. कुठे दुखतंय का पाहिलं. कुशीवर वळलो, रांगलो, खुर्ची धरली, पाय पुढे घेतला, उठलो, बसलो. एकटा! मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! नुसतं ढोपर खरचटलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. लांब विजार घातली की विषय संपला.

पण लांब विजार घालताना मला नेलपॉलिश आठवलं.

मुलगी अठरा वर्षांची असताना मला न विचारता स्कूलची लाल गाडी घेऊन गेली आणि येताना आमच्याच फाटकाच्या खांबाला घासून आली. हा लांबलचक ओरखडा! आणि तो लपवायला तिने त्यावर आपलं लाल नेलपॉलिश लावलं. अख्खी बाटली. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. "ओरखड्याचा राग नाही मला! तू सांगितलं नाहीस त्याचा राग आहे!" महिनाभर किल्लीला हात लावू दिला नव्हता.

रविवारी मुलगी आली. फर्स्टगियर आली, वहिनी आल्या. मी झोपलो, वळलो, रांगलो, उठलो, फोन लावला. मुलीच्या पर्समध्ये घंटी वाजली. वहिनींनी टाळ्या पिटल्या, फर्स्टगियरच्या डोळ्यांत पाणी.

"पास," मुलगी म्हणाली.

आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. घर माझं, रस्ता माझा, क्लच माझा. पण गप्प बसवेना.

"थांब," मी म्हणालो आणि विजार वर करून ढोपर दाखवलं. "काल स्टुलावरून पडलो. ही पाटी काढायला. चूक माझी. आता काय तो निकाल दे."

फर्स्टगियरने कपाळाला हात लावला. मुलगी ढोपराकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं. झाला अकरावा मजला.

"कपाटाचं दार लागलं असं नाही सांगितलंत," ती म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. "बाबा, तुम्ही पडलात म्हणून नव्हता हो माझ्या जिवाला घोर. रोज फोनवर तुम्ही 'मस्त आहे' म्हणायचात, आणि मला वाटायचं, आत्ता जमिनीवर पडून तर बोलत नसतील?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चुकलो गं, पोरी." असं मी तिला पहिल्यांदाच म्हटलं असेन.

तिने नाक पुसलं. "उठण्यात पास. स्टुलात नापास. स्टूल जप्त. घर तुमचं."

'एल'ची पाटी तिने माझ्या व्हरांड्यातल्या खुर्चीला अडकवली, स्टूल उचलून गाडीच्या मागच्या सीटवर कोंबलं आणि निघाली. मी पायऱ्यांशी उभा राहून ओरडलो, "आरसा बघ!" पण आरशात तिला स्टुलाच्या चार पायांशिवाय दिसणार काय? गाडी मागे आली आणि फाटकाच्या त्याच खांबाला खर्रऽऽकन घासली.

ती उतरली. वाकून पाहिलं. मग मान वर करून, चव्वेचाळीस वर्षांची ती बाई अठराची असल्यासारखी म्हणाली, "बाबा, ओरखडा पडला. मोठा आहे."

मला इतकं हसू फुटलं की घरी परतलेल्या वहिनी पुन्हा खिडकीत आल्या.

"बघू दे," मी म्हणालो आणि कठडा धरून, एकेक पायरी, पहिल्या गियरमध्ये तिच्याकडे निघालो.