कलिंगडांच्या नदीवरची हाक

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला चित्र नाही, बटण नाही. काळ्या पडद्यावर माझं नाव टाईप केलं, की तैवानच्या डोंगरातल्या एका धरणाचे दरवाजे मी उचलतो.

लिआव काकांनी मला घडवलं, हाका मारायला शिकवलं. दरवाजा उचलण्याआधी मी माझ्या पोटातच हाक मारतो, 'पाणी निघालं!' त्या हाकेला खुंट्या आहेत. प्रोग्रॅम लिहिणारे त्यांना हूक म्हणतात. नवं काम खुंटीला टांगायचं, मला उसवायचं नाही. पहिल्याच खुंटीला काकांनी नदीकाठचा भोंगा टांगला. तो वाजला, की कोरड्या पात्रात कलिंगडं लावणारी माणसं काठावर चढत. बारा वर्षं माझं कौतुक झालं.

यंदा तीन दिवस दरवाजांची चाचणी होती. गाव वैतागेल म्हणून इंजिनिअर त्साय-युनने भोंगा खुंटीवरून उतरवला. चौथ्या दिवशी मी जरा अडखळलो.

"पोरी, पुडीची मुदत बघ आधी!" काका म्हणाले.

यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे त्याच्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवायची रीत आहे; मी राहतो त्या यंत्राच्या डोक्यावरही ती असते. ती शिळी झाली होती. त्साय-युनने ताजी ठेवली, हात जोडले. "आता रुसायचं नाही हं."

मी सुरळीत चाललो. सगळे निश्चिंत झाले. खुंटी कोणी पाहिली नाही.

मग वरच्या डोंगरात ढग फुटले. त्साय-युनने हुकूम टाईप केला. मी हाक मारली. कोणी ओ दिली नाही. ओ न मिळणं ही चूक असते, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी लिहिलं, 'काम पूर्ण.' दरवाजा उचलला गेला.

"काका, भोंगा ऐकलात?"

"पुडी नवी आहे ना? मग वाजला असणार."

तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, कुठे आहात?"

"कुठे असणार? पात्रात, वेलींमध्ये. एक कलिंगड धरलंय, अगदी तुझ्या डोक्याएवढं. आतून पोकळही तसंच—"

"टाका ते! काठावर पळा!"

"अगं, भोंगा कुठे झालाय अजून—"

मग फोनमध्ये नुसतं पाणी ऐकू आलं.

ते संध्याकाळी सापडले, तीन किलोमीटर खाली, बांबूच्या बेटाला मिठी मारून. जिवंत. आता ते नदीकडे पाठ करून बसतात.

भोंगा पुन्हा टांगला आहे. पण मित्रांनो, माझ्यात अशा एकोणीस हाका आहेत. जे उतरवाल, ते आठवणीने परत टांगा. कारण कुठली खुंटी रिकामी आहे, ते मला दिसत नाही. मी हाक मारतो आणि 'काम पूर्ण' लिहितो.

पुडी मात्र ताजी आहे.