दोन टायरांची खोली

आमच्या घरातली सगळ्यात थंड खोली दोन टायरांची आहे. माणसं बाहेर झोपतात.

हे मी रागाने सांगते आहे असं वाटत असेल, तर बरोबर वाटतं आहे. यवतमाळच्या लोहारा भागात आमचं घर. समोर बैठक, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये एक बिनखिडकीची खोली. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री असलं तरी या मधल्या खोलीत पाय ठेवला की माठाला गाल लावल्यासारखं वाटतं. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हा म्हटलं, चला, उन्हाळ्याची सोय झाली. आत बघते तर लाकडी पाटावर काळ्या प्लास्टिकच्या दोन गोल थैल्या उभ्या. मी अश्वजितला, म्हणजे नवऱ्याला, विचारलं, "हे काय आहे?" तो दबक्या आवाजात म्हणाला, "बाबाचे टायर आहेत, रुपाली. जास्त बोलू नको."

बाबा म्हणजे माझे सासरे, बाबाराव. बत्तीस वर्षं एसटीच्या आगारात टायर सेक्शनला होते. नोकरी संपली, टायर संपले नाहीत. अंगणात त्यांची तीस वर्षं जुनी लाल मोटारसायकल आहे. तिच्या मापाचे टायर आता सहज मिळत नाहीत. पाच वर्षांपूर्वी दिग्रसचा एक दुकानदार धंदा गुंडाळतोय असं कळलं, तसे बाबा पहिल्या गाडीने तिकडे गेले आणि शेवटची जोडी घेऊन आले. येताना टायर सीटवर बसले होते आणि बाबा उभे होते, असं माझ्या सासूबाई सांगतात.

त्या दिवसापासून घरात टायरांचं राज्य सुरू झालं. टायर आडवा ठेवायचा नाही, उभा ठेवायचा. खिळ्याला टांगायचा तर अजिबात नाही, आकार बिघडतो. ऊन नको, ओल नको. दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही टायर थैलीतून निघतात, ओल्या फडक्याने पुसले जातात, सुकले की त्यांना टाल्कम पावडर लागते. मग थैलीतली हवा दाबून काढायची, तोंड बांधायचं आणि टायर पाव फेरा फिरवून पुन्हा पाटावर ठेवायचा, म्हणजे एकाच बाजूवर भार येत नाही. रॉकेल, पेट्रोल, रंग, थिनर या खोलीत वर्ज्य. माझी नेलपॉलिश काढायची बाटलीसुद्धा बाबांनी चिमटीत धरून बाहेर आणून ठेवली होती.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण कूलर? विजेच्या मोटारीतून एक वायू निघतो आणि त्याने रबराला भेगा पडतात, म्हणून त्या खोलीत कूलर लावायचा नाही. तेव्हा कूलर बैठकीत, पश्चिमेच्या भिंतीला, जिथे तो गरम वारा फेकत बसतो. सासूबाईंच्या पाठीवर घामोळ्या आल्या. मी पावडर लावत होते तर म्हणाल्या, "मले बी एक प्लास्टिकची थैली आन. मंग तरी हे मले त्या खोलीत ठेवतीन."

माझ्या सासूबाई, रुखमाबाई, फार कमी बोलतात. मी त्यांना आई म्हणते. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती काही फार मोठी नव्हती. गाडी नवी घेतली तेव्हा बाबांनी त्यांना शब्द दिला होता की तुला या गाडीवर बसवून मारेगावला नेईन. मारेगावजवळ त्यांचं माहेर. मग ड्युट्या लागल्या, पोरं झाली, गाडीवरून बाजार झाला, दवाखाना झाला, मारेगाव राहिलं. आईंच्या वडिलांनी गावभर सांगून ठेवलं होतं की जावई गाडीवर येणार आहे. सांगता सांगताच ते एक दिवस वारले.

या वर्षी त्यांनीच देऊन ठेवलेल्या जागेवर गावात नवं बुद्धविहार उभं राहिलं. वैशाख पौर्णिमेला उद्घाटन. आईंच्या भावाने, धम्मरत्नमामांनी, फोन करून बोलावलं. आई जेवण वाढताना म्हणाल्या, "पुनवेले मारेगावले जाचं आहे. गाडीनं."

"मे महिन्यात?" बाबांनी घास थांबवला. "डांबर पाघळून राह्यलं रस्त्यावर. या उन्हायात नवा टायर कोन लावते?"

"पावसायात म्हनता चिखल आहे. हिवायात म्हनता रबर कडक होते."

"होतेच."

"मंग जुन्याच टायरवर चला."

"ते झिजून टकले झाले. त्याइच्यावर मी तुले घेऊन चौकात बी जात नाही." बाबांना आपण किती समंजस बोलतो आहोत असं वाटत होतं. "तू एसटीनं जा ना. तुले अर्धं तिकीट आहे."

"अर्ध्या तिकिटात गेली त अर्धीच पोचीन मी," आई म्हणाल्या आणि भाजीचं पातेलं घेऊन आत गेल्या. अश्वजित ताटात बघत राहिला. मला इतका राग आला होता की मी बाबांना दुसरी भाकरी विचारलीच नाही.

दुपारी आई मधल्या खोलीच्या दारात बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "रुपाली, टायरवर ते आकडे असतात न, त्याइचं काय असते?"

मला ते पाठ होतं. बाबांनी घरातल्या प्रत्येकाला शिकवलं आहे. चार आकडे, पहिल्या दोनांत आठवडा, पुढच्या दोनांत वर्ष. त्या आठवड्यात टायर तयार झाला. पाच वर्षांपुढे गेला की त्याच्यावर बारीक लक्ष ठेवायचं.

"म्हंजे वय बनल्यापासून मोजतात. लावल्यापासून नाही."

"हो, आई."

"म्हंजे थैलीत बी म्हातारा होते तो."

"होतो. जरा हळू होतो."

आई "हं" म्हणाल्या. त्यांच्या त्या "हं"मध्ये काय शिजत होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शेजारच्या इंदुताई घरावर मजला चढवत होत्या. स्लॅब पडला होता, जिन्याच्या कठड्याचं वेल्डिंग चालू होतं. चांगल्या कामाला दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे बांधकामावर जुना टायर टांगतात, तसा त्यांना हवा होता. सकाळी बाबा आगारासमोरच्या टपरीवर जुन्या दोस्तांत गेले होते, तेव्हा त्या कुंपणापाशी आल्या. "रुखमाबाई, एखांदा जुना टायर असन त द्या बाप्पा. येणारा-जाणारा मान वर करून पाह्यते."

आमच्या घरात दृष्ट-बिष्ट कोणी मानत नाही. पण शेजाऱ्याने मागितलं तर आई नाही म्हणत नाहीत. त्या आत गेल्या, थैलीचं तोंड सोडलं आणि टायर घरंगळवत बाहेर आल्या. मी बघत होते. मी काहीच बोलले नाही, हे इथेच कबूल करते.

बाबा अकराच्या सुमाराला परत आले. फाटकाशी सायकल टेकवताना त्यांनी सहज वर पाहिलं. इंदुताईंच्या स्लॅबवरून बाहेर काढलेल्या बांबूला टायर लटकत होता. नव्या टायरावर रबराचे बारीक केस असतात, ते उन्हात चमकत होते. खाचांतून अजून पावडर गळत होती. टांगलेला, भर उन्हात, आणि चार हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्या. पाच वर्षांचे सगळे नियम एकाच बांबूवर मोडले होते.

 बाबा धावत इंदुताईंच्या अंगणात गेले. सदुसष्ट वर्षांचा माणूस धावताना मी पहिल्यांदाच पाहिला. मागोमाग मीही गेले.

"ताई, तो टायर खाली घ्या. नवा आहे तो."

"मी जुनाच मांगतला होता भाऊजी. रुखमाबाईनं हा देल्ला." इंदुताईंनाही वाईट वाटलं, पण त्यांचाही कायदा होता. "आता लटकवलेला असा काढता येत नाही. सकायपासून अर्ध्या लोहाऱ्याची नजर त्याले लागली."

"मले नजर दिसत नाही ताई, ऊन दिसते."

"मंग दुसरा आना. तो वर चढन तवाच हा खाली येईन. मधात जागा रिकामी नाही राह्यली पाह्यजे."

नियमाला नियम भेटला. नियम पाळणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं हे बाबांना माहीत नव्हतं. त्यांनी चौकातल्या पंक्चरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, दुकान बंद करून जेवायला आलो, आता ऊन उतरल्यावर चारला उघडीन. "चार वाजेलोक करपून जाईन तो," बाबा मला म्हणाले. आमच्या घरी जुना टायर नव्हता. जुन्या टायरात पाणी साचून डास होतात म्हणून ते ठेवू देत नाहीत. सगळ्या लोहाऱ्यात त्यांच्या हाताशी दोनच जुने टायर होते आणि ते गाडीला होते.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. बाबांनी गाडीचं मागचं चाक धरलं. अर्ध्या तासात टकला टायर रिमवरून उतरला, इंदुताईंच्या मजल्यावर चढला आणि नवा खाली आला. बाबा तो दोन्ही हातांवर घेऊन आले. अंगणातल्या सावलीत बसून त्यांनी त्याला पुसलं, बोटांनी दाबून दाबून पाहिलं. एकही भेग नव्हती. मग ते थैली आणायला उठले आणि तिथेच थांबले.

"काय झालं?" आई पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या.

"गरम टायर थैलीत टाकत नाहीत. घाम धरते." त्यांनी गाडीकडे पाहिलं. मागचं रिम उघडं पडलं होतं. "अन् रिम असं उघडं ठेवता येत नाही."

"मंग लावा."

"मांगचा नवा अन् पुढचा टकला? असं चालत नाही."

"मंग पुढचा बी लावा. म्या तुमाले धरून ठेवलं काय?"

बाबा खाली बसले. मग हातातल्या टायराकडे बघत त्यांनी जे सांगितलं ते अश्वजितनेही कधी ऐकलं नव्हतं. नोकरीत असताना एकदा टायर फुटलेली एसटी ओढून आगारात आणली होती. रस्त्यात पडलेली सळई घुसली होती, दोष कोणाचाच नव्हता. पण तो टायर बाबांनी बसवला होता. गाडीतल्या एका बाईचा हात मोडला होता आणि ती आगाराच्या बाकावर लेकराला मांडीवर घेऊन बसली होती.

"थैलीत आहे तवापर्यंत मले भरोसा आहे त्याचा," बाबा म्हणाले. "लावला का झिजनं सुरू. अन् मांगं तू बसशीन."

मला त्यांचा तीन वर्षांचा राग होता. तो त्या क्षणी गेला, आणि मला माझीच लाज वाटली. आईंनी लसणाची साल झटकली.

"माणूस बी झिजते. हळू चालवा. मले घाई असती त तीस वर्षं थांबली असती काय?"

बाबांनी हातातला टायर मागच्या रिमवर चढवला. मग टायर काढायच्या पट्ट्या आणि पाने घेऊन ते पुढच्या चाकाशी बसले. बसवता बसवता त्यांचा आवाज परत आला. "नवा टायर पह्यले शंभर किलोमीटर घसरते. अंगावरचा गुळगुळीतपणा जाव लागते. तवापर्यंत चाळीसच्या वर जाता येत नाही."

"मारेगाव किती आहे?"

"नव्वद."

"मंग आपलं भागते," आई म्हणाल्या.

पौर्णिमेला उजाडता उजाडता निघाले. आईंनी पांढरी साडी नेसली होती आणि पदर कमरेला घट्ट खोचला होता. बाबांनी हवा दोनदा तपासली. इंदुताई वरून टकल्या टायराशेजारी उभ्या राहून हात हलवत होत्या. एरवी अडीच तासांचा रस्ता, यांनी चार तास लावले. करंजीच्या अलीकडे मागून एसटी आली, ड्रायव्हर बाबांच्या ओळखीचा निघाला, आणि त्याने पुढे जाताना भलामोठा हॉर्न दिला, हे आईंनी पोहोचल्या पोहोचल्या फोनवर सांगितलं. गावात पोरं वेशीपासून गाडीमागे पळत आली. मामांनी ओवाळायच्या आधी गाडीला हात लावून पाहिला.

फोन ठेवला आणि आम्ही दोघांनी कूलर उचलून मधल्या खोलीत नेला. पाटावर एक थैली उभीच होती. उघडून पाहिली तर आत गाडीचा जुना, टकला, पुढचा टायर. पुसलेला, पावडर लावलेला. अश्वजितने थैली बांधली, मी ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि आम्ही कूलर लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा मी भर दुपारी गोधडी मागितली.

संध्याकाळी ते परत येणार होते. त्याऐवजी आईंचा फोन आला. मागून वाऱ्याचा आणि गाडीचा आवाज येत होता.

"रुपाली, आज आमी येत नाही. तुहे बाबा म्हनतात नव्वदच झाले, शंभर व्हाले दहा कमी पडते. म्हणून वणीच्या रस्त्यानं चक्कर मारून राह्यलो."

"पण आई, ते दहा किलोमीटर परत येतानाही होतील ना."

 आईंनी आवाज अगदी हळू केला.

"ते मले बी समजते. तू त्याइले सांगू नको."