जिरेनियमला पाजलेला चहा

जिरेनियमच्या कुंडीतली माती खिडकीच्या बाजूला कोरडी होती आणि खोलीच्या बाजूला काळसर ओली. पाणी घालणारा माणूस उभा राहून चारही अंगांनी घालतो. हे कुणीतरी बिछान्यावर बसूनच, हात लांब करून ओतलं होतं. सोनुनने बोट लावून पाहिलं. माती अजून कोमट होती. वर पानाचा नखाएवढा तुकडा चिकटला होता, एका अंगाने हिरवट, दुसऱ्या अंगाने रुपेरी.

तिने तो तुकडा उचलला, एप्रनच्या कडेला पुसल्यासारखं करून खिशात टाकला आणि मीरिमचा रिकामा पियाला घेऊन ती स्वयंपाकघरात आली.

रास्पबेरीची ही पानं तिने स्वतः नदीकाठच्या उतारावरून आणली होती. यंदा फळ न धरणाऱ्या फांद्यांची, झुडूप फुलण्याआधीची, वरची कोवळी पानं. घरात या पानांचं काम वर्षभर निघे. ताप आला की मुरांब्याबरोबर त्यांचा चहा, तोंड आलं की गुळण्या, कोकरांना हगवण लागली की पाजायला काढा. पण सगळ्यात चांगली पानं वेगळ्या पिशवीत राहत, दिवस भरत आलेल्या बाईसाठी. सुरुवातीच्या महिन्यांत मुळीच द्यायची नाहीत, शेवटी शेवटी द्यायची, म्हणजे अंग मोकळं होतं, असं तिची सासू कालिपा सांगे. काराकोल शहरातल्या डॉक्टरीणबाईंनीही त्याला हरकत घेतली नव्हती.

मीरिम अंगणात आली तेव्हा सोनुन ओसरीवर पसरलेली नवी पानं उलटवत होती. मीरिम तिच्या मुलाची बायको. एक हात कमरेवर ठेवून ती हळूच पायरीवर टेकली.

"चहा कडू लागतो का गं?" सोनुनने विचारलं.

"नाही वहिनी. चांगला लागतो."

"मग त्या जिरेनियमला का पाजतेस? त्याला कुठे बाळंत व्हायचंय?"

मीरिम हसली. हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

"कालिपाआजी म्हणतात, हा प्यायला की लवकर सुटका होते," ती म्हणाली.

"मग चांगलंच की. पाय बघ कसे सुजलेत. झोप नाही तुला. अजून किती दिवस वागवणार आहेस?"

चटईवरचं एक पान उचलून मीरिमने त्याच्या पांढुरक्या पाठीवरून अंगठा फिरवला. मग खाली बघतच म्हणाली, "आत आहे तोवर माझं आहे."

सोनुनचा हात पानांवर थांबला.

"ते खाली ठेव," ती म्हणाली. "अर्धवट वाळलंय. ताजं चालतं, पूर्ण वाळलेलं चालतं. मधलं पोटाला बाधतं."

मीरिमने पान जागेवर ठेवलं.

घरातलं पहिलं मूल आजी-आजोबांचं, हे त्यांच्याकडे कुणी ठरवत नसे, ते ठरलेलंच असे. सोनुनचा एर्मेक झाला तेव्हा चाळिसाव्या दिवशीची आंघोळ उरकली आणि कालिपाने त्याला आपल्या खोलीत नेलं. त्यात दुष्टपणा नव्हता. सोनुनच्या पाठीखाली उशी सरकवून तिने शाल्फेयच्या वाळक्या पानांचा दाट काढा तिला स्वतःच्या हाताने पाजला होता, दूध आटावं म्हणून. "दुखेल थोडं, मग थांबेल," म्हणाली होती, आणि सोनुनच्या केसांवरून हात फिरवत बसली होती. भिंतीपलीकडे मूल रडलं की सोनुनचा सदरा ओला होई. मधल्या दाराला कडी नव्हती. तरी ती उठली नाही.

एर्मेक बोलायला लागला तेव्हा कालिपाला आई म्हणाला आणि घरातली सगळी तरुण माणसं सोनुनला ज्या नावाने हाक मारत त्याच नावाने त्यानेही मारली. वहिनी. मीरिम आली, तिनेही नवऱ्याचंच ऐकून तेच उचललं. सोनुनला नंतर मूल झालं नाही.

आता मात्र पाळी तिची होती. मीरिमला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून तिने तीन टोपडी विणली होती. एकदा गोठ्यात एकटीच असताना कुणी हाक मारल्यासारखी तिने चक्क 'ओ' दिली होती, आणि गायीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं. घरातला जुना पाळणा एर्मेकने दुरुस्त करून रंगवला होता. कुठे ठेवू, असं त्याने दोनदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, रंग वाळू दे. रंग वाळला. पाळणा दोन खोल्यांच्या मधल्या बोळात तसाच उभा होता.

ती उठली, शिडी लावून माळ्यावर चढली. आढ्याला दोन जुड्या टांगलेल्या होत्या. रास्पबेरीची जुडी अर्धी संपली होती. शेजारची शाल्फेयची तिने स्वतःच लावून, कापून, बांधून ठेवली होती, मीरिमसाठी. तिने दोरा सोडला. कोरडी पानं हातात कुरकुरली. वास तोच होता, इतक्या वर्षांनंतरही छातीत कळ उठवणारा. ती काही वेळ शिडीच्या वरच्या पायरीवर बसून राहिली. मग खाली येऊन तिने अख्खी जुडी मोठ्या पातेल्यात चुरली आणि वर उकळतं पाणी ओतलं.

दुपारच्या चहाला सगळे सतरंजीभोवती बसले. सोनुनचा नवरा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात गेलेला, त्यामुळे मानाच्या जागी कालिपा एकटीच होती. तिच्यासमोर नान, लोणी आणि जर्दाळूचा मुरांबा होता, पण नान चहात बुडवूनही तिला चाववत नव्हतं.

"हिरड्या सुजल्यात तुमच्या," सोनुन म्हणाली आणि तिने तिच्यापुढे भरलेला वाडगा ठेवला. "गुळण्या करा आई."

कालिपाने वाडगा नाकाशी नेला. तिचं नाक अजून तिखट होतं.

"शाल्फेय आहे."

"हो."

"माळ्यावरची?"

"हो."

"थोडी राखलीस ना?"

"नाही. सगळी घातली. पातेलंभर झालंय, आठवडाभर पुरेल."

"आठवडाभर," कालिपा म्हणाली. "माझ्या तोंडात दात आहेत चार. एवढ्या औषधात घोडा बरा होईल." पण ती हसली नाही. वाडग्याच्या काठावरून ती सोनुनकडे बघत राहिली. मीरिमने एर्मेककडे पाहिलं, मग पटकन हातातल्या पियाल्याकडे. आतला रास्पबेरीचा चहा तिने अजून ओठाला लावला नव्हता.

एर्मेकने लोण्याचा हात पुसला. त्याला शाल्फेयमधलं काही कळत नव्हतं.

"वहिनी, त्या पाळण्याचं सांगा ना. बोळात सारखा पायाला लागतो. काल माझा अंगठा फुटला."

"डोळे उघडे ठेवून चालत जा," कालिपा त्याला म्हणाली. "आणि तिला काय विचारतोस? तिच्या खोलीत ठेव. मी तिचा घेतला, आता तिने घ्यावा." मग आवाज खाली आणून सोनुनला म्हणाली, "इतकी वर्षं मी बघत नव्हते असं वाटतं का तुला? तो मला हाक मारायचा आणि तू भांडी आवाज करत ठेवायचीस. तुलाही कुणी आई म्हणू दे की गं."

एर्मेकची मान खाली गेली होती आणि तो नानचा तुकडा बोटांनी बारीक बारीक करत होता.

सोनुनने किटली उचलली. मीरिमच्या पियाल्याला बाहेरून हात लावून पाहिला, निवलेला चहा बशीत काढला आणि पियाल्यात नवा, गरम ओतला, त्यांच्यात ओततात तसा अर्धाच.

"बाळ मीरिमजवळ राहील," ती म्हणाली. "तिलाच आई म्हणेल. एर्मेक, पाळणा तुमच्या खोलीत ठेव, खिडकीशी, बिछान्यावरून तिचा हात पोचेल असा. जिरेनियम मी माझ्याकडे नेते."