निळ्या कापडाची कड

"हात हलवू नका," मी म्हणाले.

"हलतोय कुठे मेला," टेलरबाई म्हणाल्या.

त्यांचा उजवा हात निळ्या कापडावर पालथा ठेवलेला होता. शेजारी सेंटिमीटरची पट्टी. दोन्ही दिवे नेहमीच्या जागी, कॅमेऱ्याची तिपाई जमिनीवर रंगवलेल्या खुणांवर. मी हातातलं बटण दाबलं, तळवा वर करून घेतला, पुन्हा दाबलं. काम झालं.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर माझी खोली आहे. इथे मी जखमांचे, त्वचारोगांचे आणि शस्त्रक्रियेनंतर राहिलेल्या व्रणांचे फोटो काढते. माणूस ओळखू येईल असं काही चौकटीत येऊ द्यायचं नाही, अंगठीसुद्धा काढून ठेवायला सांगायची. दर वेळी तेच अंतर, तोच प्रकाश, तेच कापड. मग आजचा फोटो मागच्या फोटोशेजारी ठेवला की दिसेल तो फरक कातडीतलाच असणार, दिव्यांचा नाही. मी पदार्थविज्ञान शिकले. त्यातलं बरंचसं विसरले, पण एक सवय अंगात मुरली आहे: एक गोष्ट तपासायची असेल तर बाकीच्या बांधून ठेवायच्या.

टेलरबाईंच्या दुकानात वाफेची इस्त्री फुटली आणि उजव्या हाताची पाठ भाजली. मोठ्या डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून तिथे लावली. आयुष्यभर बायकांचे कपडे शिवलेल्या त्या बाईंनी पट्टी सुटल्यावर आधी टाके तपासले. एकसारखे आहेत, म्हणाल्या, पण डॉक्टरांच्या कोटाचा खांदा केवढा उतरलाय, तो कोणाकडून शिवून घेतला ते विचारा. ही गोष्ट सगळ्या वॉर्डात पसरली आणि तेव्हापासून त्यांना कोणी नावाने हाक मारली नाही. मलाही तिथे सगळे फोटोताईच म्हणतात.

ती बोलघेवडी बाई पुढे पुढे गप्प होत गेली. म्हणून त्या दिवशी, त्यांना धीर यावा म्हणून, मी पहिला फोटो आणि आजचा फोटो संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. माझ्या दृष्टीने सगळं चांगलं होतं. लावलेली कातडी पूर्ण धरली होती, कडा मिटल्या होत्या, कुठे ओल नव्हती. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"आधी बरा होता की," त्या म्हणाल्या.

आणि डोळ्यांना दिसत होतं ते तसंच होतं. व्रण आधीपेक्षा लाल होता, जाड होता. असे व्रण सुरुवातीचे काही महिने फुगतात, तांबडे होतात आणि मग हळूहळू उतरतात, हे मी सांगितलं. पण फोटो आधी बोलून बसला होता. त्याच्यापुढे माझं बोलणं म्हणजे नुसती समजूत.

पिशवी आवरता आवरता त्यांनी ठरलेलं सांगून टाकलं. धाकटी जाऊ शिवणाचं मशीन मागते आहे. पंधरा दिवसांनी डॉक्टरांची तपासणी, तेवढी करून जाईन, त्याच आठवड्यातल्या रविवारी ती टेम्पो घेऊन येईल. मशीन गेलं की व्यायामालाही यायचं नाही.

"दुखवूनच घ्यायचं तर इतक्या लांब कशाला यायचं," त्या म्हणाल्या, "घरी सून आहे की."

हसल्या नाहीत. मी हसले, आणि मग मलाच कसंतरी झालं.

बोटांचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना सगळे व्यायामवाल्या मॅडम म्हणतात. दुपारी चहाला त्या भेटल्या तेव्हा मी घडलेलं सांगितलं. त्या माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त बिस्किट चहात जास्त वेळ बुडवलं आणि ते तुटलं. म्हणाल्या, सांध्यांचे कोन मी दर आठवड्याला मोजते, ते चांगले वाढलेत. बोटं वळायला लागलीत. बाईंना सांगते तर त्या म्हणतात, कोनाचा ब्लाऊज होत नाही. व्यायामाच्या टेबलावर बसल्या की हात लाकडासारखा करतात, दुखेल म्हणून आधीच धरून ठेवतात. मशीन एकदा घराबाहेर गेलं की हा हात कशासाठी वळवायचा तेच उरणार नाही, असं त्या म्हणाल्या, आणि तुटलेलं बिस्किट चमच्याने काढत बसल्या.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तिच्या ऑफिसच्या वार्षिक अंकात "माझं काम, माझी प्रेरणा" असं सदर आहे. आमच्या घरात एक फोटोग्राफर आहे असं तिने तिथे सांगून ठेवलं होतं. चार ओळी आणि एक छानसा फोटो, एवढंच तिला हवं होतं.

"पण जखमेचा नको हं," ती म्हणाली. "लोक जेवताना वाचतात."

मी बरं म्हटलं. नवरा भाजी चिरत होता. तो म्हणाला, लिही की, प्रेरणा म्हणजे सकाळी साडेसातची बस. आम्ही दोघं हसलो. पण नंतर कागद घेऊन बसले तर खरंच काही सुचेना. कॉलेजात असताना मी धुक्याचे, पाण्याचे, उडणाऱ्या पाखरांचे फोटो काढायची. हलणाऱ्या गोष्टी मला फार आवडायच्या. इतकी वर्षं मी माणसांना हलू नका असं सांगत आले, आणि त्यात मला कमीपणा वाटत नव्हता. माझ्या फोटोंवरून डॉक्टर निर्णय घेतात, ही लहान गोष्ट नाही. तरी त्या रात्री जेवणाची भांडी विसळताना मी स्वतःचा हात पाहत राहिले. कापडावर पालथा ठेवला तर तो कोणाचाही हात होता. ताटावरून फिरायला लागला की माझा.

कागद कोराच राहिला.

पंधरा दिवसांनी टेलरबाई आल्या. मी पडदा आधीच दुसरीकडे वळवून ठेवला होता. त्यांनी न सांगता अंगठी काढली आणि हात कापडावर ठेवला. पालथा झाला, उताणा झाला. मी नोंद करायला वळले.

"या कापडाला कड कोणी मारलीच नाही का?" मागून आवाज आला. "नुसती कात्री चालवून दिलंय. दोरे बघा किती सुटलेत."

मी वळून पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कपाळाला आठी घालून त्या कापडाची कड पाहत होत्या, आणि त्यांचा उजवा हात, तोच हात, कडेशी गेला होता. अंगठा आणि पहिलं बोट जुळलं, सुटलेला दोरा चिमटीत आला, बोटाभोवती एक वेढा पडला. बटण माझ्या हातातच होतं. मी ते दाबलं.

दोरा तुटला. त्यांनी तो जमिनीवर टाकला, पुढचा धरला, तोही तोडून टाकला.

माझा कॅमेरा सावकाश उघडझाप करतो, कारण त्याच्यासमोर काही हलत नाही असं धरलेलं असतं. त्यामुळे फोटो बिघडला होता. बोटं पुसट झाली होती, व्रण तर धुरासारखा दिसत होता. स्पष्ट होता फक्त दोरा, ताणलेला, रेघेसारखा. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला.

"हा कोणाचा हात?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच. आत्ताचा."

"मी कुठे काय केलं?"

मी जमिनीकडे बोट दाखवलं. दोन निळे दोरे पडले होते. टेलरबाईंनी खाली वाकून ते पाहिले, मग आपला हात पाहिला, मग पुन्हा पडदा. खुर्ची ओढून त्या कापडासमोर नीट बसल्या आणि तिसऱ्या दोऱ्याला हात घातला. आता तो हात ऐकेना. अंगठा बोटापर्यंत पोचायच्या आत थरथरला आणि दोरा निसटला. पुन्हा निसटला. ओठ घट्ट मिटले गेले. मला वाटलं, आपण पुन्हा तीच चूक केली.

"तुम्ही तिकडे तोंड करा बघू," त्या म्हणाल्या.

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर हात धुण्याच्या सूचना आहेत. त्या मी दोनदा वाचल्या. मागे खुर्ची करकरली. एक उसासा. आणि मग तट् असा अगदी बारीक आवाज आला.

जाताना त्यांनी एवढंच विचारलं की दुसरं कापड आहे का. कपाटात एक जुनं होतं. मग हे मी नेते, असं म्हणून त्यांनी निळं कापड घडी करून पिशवीत टाकलं. मशीनचं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी विचारलं नाही. तो बिघडलेला फोटो मी व्यायामवाल्या मॅडमना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या की यापुढे प्रत्येक हाताचा असा एक बिघडलेला फोटो मला हवा. मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनीच पटवलं.

तो रविवार आला आणि गेला. टेम्पो आला का, कळायला मार्ग नव्हता. वहिनीचे मेसेज येत राहिले.

महिन्याने टेलरबाई आल्या त्या पिशवीतून कापड काढतच. टेबलावर पसरलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, आणि चारही बाजूंनी दुमडून शिवलेलं. मी कड उचलून उजेडात धरली. हातशिलाई नव्हती. बारीक, सलग टाके होते, मशीनचे.

पहिल्या बाजूची शिलाई नदीसारखी वळत गेली होती. एका ठिकाणी तर कापडाबाहेर जाऊन परत आली होती. दुसरी बाजू जराशी शहाणी. तिसरीवर मध्येच उसवून पुन्हा घातल्याच्या खुणा. चौथीचा शेवटचा वीतभर भाग सरळ होता.

"पहिली बाजू खाली ठेवा," त्या म्हणाल्या, "लोकांना दाखवू नका." आणि लगेच, "जाऊबाई फुगून बसलीय. फुगू दे. सुनेला आणि तिला तेवढाच एकीचा विषय."

मी कापडाचे कोपरे जुळवले. पट्टी घेतली आणि त्या शेवटच्या कोपऱ्याशी, सरळ शिलाईच्या शेजारी ठेवली. दिवे लावले. हा फोटो कोणी मागितला नव्हता. वहिनीला पाठवला तर ती विचारणार, हे कसलं कापड, आणि मग मला चार ओळी लिहाव्या लागणार. त्या आता बहुतेक सुचतील.

चौकट जुळवली, तेवढ्यात तिच्यात उजवा हात आला. कोपऱ्यावर एक सुरकुती राहिली होती, ती सारखी करायला.

मी हलू नका म्हटलं नाही.